बायकोच्या आवाजात

दसऱ्याच्या सकाळी मी शेजारच्या कुसुमताईंच्या हातात आपट्याची पानं ठेवली, टॅबवरचं बटण दाबलं, आणि माझ्या वतीनं कुणी परकीच बाई बोलली. "सोने घ्या, सोन्यासारखे राहा." स्वच्छ, घासूनपुसून काढलेला आवाज, बातम्या सांगतात तसा. मला वाटलं बोट दुसरीकडे पडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच बाई, तितक्याच गोडीनं, म्हणजे आत काडीची माया नसताना. कुसुमताईंचा पानं धरलेला हात तसाच पुढे राहिला. "भावजी, दुर्गा कुठंय?" त्या म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या, कारण दुर्गाला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांत त्याच पुढे होत्या. मी एकेक करत सगळी बटणं दाबत सुटलो. पाणी. चहा. दार लावा. पंखा कमी करा. हो. नको. सगळीकडे तीच बाई येऊन बसली होती. कुसुमताईंनी पानं पदराच्या टोकाला बांधली आणि त्या आपल्या घरात गेल्या.

माझं बोलणं असं, की मी बायकोच्या आवाजात बोलायचो. घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजाची पेटीही काढली. गळ्याला एक भोक आहे, त्यातून मी श्वास घेतो, वर सुती रुमाल बांधलेला असतो. ऑपरेशनच्या आधी स्वतःचा आवाज भरून ठेवावा हे कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तेव्हा घशातून नुसती कानस घासल्याची घरघर निघत होती. गळ्याला लावायचं एक यंत्र दिलं होतं दवाखान्यानं. ते लावून मी पहिल्यांदा बोललो तर दुर्गा म्हणाली, "हे भुंग्याचं गुणगुण घरात नगं." मग तिथल्या मॅडमनी आमच्या मुलाच्या, नवनाथच्या, टॅबवर बटणांचा तक्ता घालून दिला. चौकोनावर चित्र, चित्राखाली शब्द, दाबलं की बोलतं. कुणाच्याही आवाजात भरता येतं, मॅडम म्हणाल्या. "कुनाच्याही म्हंजे?" दुर्गा म्हणाली. "माझ्याच." असं करून कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला, ओठावर भरघोस मिशी असलेला माणूस डांगे चौकात भाजीवाल्याला बाईच्या आवाजात विचारू लागला, "कसं दिलं रं?" आणि भाजीवाला आधी माझ्या मागं बघायचा, बाई कुठं उभी आहे म्हणून. पुढेपुढे त्यालाही सवय झाली. हिशेबात गडबड केली की मी एक बटण दाबायचो आणि तो माझ्याकडे न बघता टॅबला म्हणायचा, "चुकलं, मावशी."

नवनाथ कंपनीत आणि सुप्रिया बालवाडीत शिकवायला गेली की दुपारी दुर्गा भरायला बसायची. सुप्रिया त्याची बायको. खिडक्या लावून, पंखा बंद करून, टॅब मांडीवर घेऊन ही बाई लांबच्या फोनवर बोलतात तशी ओरडायची. मी पाटीवर लिहून द्यायचो, पण लिहिलेलं तसंच म्हणेल तर ती दुर्गा कसली. "चहा हवा" असं मी लिहिलं. तिनं भरलं, "च्या ठेव. साखर कमी." मी खूण केली, शेपूट काढ. तिनं काढलं नाही. म्हणजे ती गेल्यानंतरही माझ्या घरात साखर कमीच राहिली, कारण दुसऱ्या कुठल्या शब्दांत मला चहा मागता येत नव्हता. एकदा चौकात एका स्कूटरवाल्यानं पायावर चाक घातलं, वर मलाच दटावलं. घरी येऊन मी पाटीवर एक शिवी लिहिली, चांगली ठसठशीत, आमच्या करमाळ्याकडची. हे भर. तिनं वाचली, पदर तोंडाला लावून हसली आणि भरलं, "देव तुझं भलं करो. लांब हो." ते अशा सुरात म्हणाली की कुठल्याही शिवीपेक्षा झोंबावं. पुढे तसं एकदोघांना मी ऐकवलंही. लोक खरोखरच लांब व्हायचे.

ती गेली तेव्हा टॅब मी कपाटात ठेवला. माणसं येत होती, विचारत होती, मी मान हलवत होतो. तिला बाहेर निजवलेली आणि तिच्या आवाजात मी पाणी मागायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि एका सकाळी तहान लागली. सुप्रियाची पाठ माझ्याकडे होती. टाळी वाजवून बघितली, कुकरच्या शिट्टीत तिला ऐकू गेली नाही. शेवटी मी टॅब काढला आणि दाबलं. "पानी दे गं." सुप्रियाच्या हातातलं पातेलं खाली पडलं. न वळताच ती म्हणाली, "हो आई, देते," आणि मग तिथंच ओट्याला धरून रडली. मी पण रडलो. मला रडताना आवाज येत नाही, नुसता गळ्यावरचा रुमाल हलतो. त्यानंतर ते घरात मुरलं. कुसुमताई आल्या की मी "या, बसा" दाबायचो, त्या "बसते गं" म्हणायच्या. नवनाथ कामावर निघाला की मी "हळू जा रं बाबा" दाबायचो, आणि तो हेल्मेट घालता घालता "हो" म्हणायचा. कुणाला हो म्हणायचा हे आम्ही कुणी कुणाला विचारलं नाही. एक बटण मात्र मी वापरायचं सोडलं होतं. "लई दुखतंय ओ." ते तिनं इतकं मनापासून भरलं होतं, की दाबलं की तिलाच कुठंतरी दुखतंय असं वाटायचं. माझं दुखणं मी त्यापेक्षा गिळत होतो.

आता हे झालं कसं, तर खंडेनवमीमुळे. बाहेरच्यांना हे सांगून पटायचं नाही. नवमीला आम्ही हत्यारं पुजतो. टूलरूममध्ये तर त्या दिवसासारखा दिवस नाही. आदल्या दिवशी प्रत्येक मशीन धुऊनपुसून, तेल बदलून, कुठे नट ढिला असेल तर आवळून, हळदीकुंकवाला तयार करायचं. राहिलेलं काम अंगावर घेऊन मशीन पूजेला बसवायचं नाही, हे माझ्या उस्तादानं मला शिकवलं, मी नवनाथला शिकवलं. तो महाळुंग्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्यानं अष्टमीला तिथली मशीनं उरकली आणि घरी येऊन घरची काढली. माझे व्हर्नियर, मायक्रोमीटर, त्याचे पाने, मिक्सर, शिलाई मशीन, मोटारसायकल. आणि टॅब. दुर्गा होती तेव्हापासून टॅबही पूजेत असायचा. "ह्ये तर तुमचं खरं हत्यार," ती म्हणायची. नवनाथनं काच पुसली, मागं साठलेली घाण काडीनं काढली, आणि त्याला दिसलं की महिनोन्‌महिने एक अपडेट लटकलेलं आहे. राहिलेलं काम. त्यानं चार्जरला लावून ते सुरू केलं आणि गोंड्याचे हार आणायला गेला. सकाळी टॅब पाटावर, त्यावर हळदीकुंकू, झेंडूचं फूल. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हाताळत नाहीत. मीही तो एक दिवस मुका राहत असे, उपास धरावा तसा, आणि खरं सांगायचं तर त्यात मला बरं वाटायचं. त्या संबंध दिवसात टॅबच्या आत काय झालं होतं हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला धूप दाखवत होतो.

नवनाथ दसऱ्याच्या दिवशी जेवला नाही. बटणं दाबून बघत होता, सेटिंगमध्ये शिरत होता, पुन्हा बाहेर येत होता. तक्ता तोच होता, रंग नवे होते, चौकोनांचे कोपरे गोल झाले होते. "आबा, सापडंल. कुठंतरी असतंय ते, जात न्हाई," तो म्हणत राहिला. दवाखान्याच्या मॅडमनी तेव्हा एका खात्यात सगळं जपून ठेवा म्हणून सांगितलं होतं, पण दुर्गानं ठेवू दिलं नव्हतं. माझा आवाज परगावी कुठं ठेवायचा न्हाई, म्हणाली होती. दोन दिवसांनी तो फोनवर लोकांचे अनुभव वाचून दाखवू लागला, ज्यांनी ज्यांनी हे अपडेट घेतलं त्यांचे. कुणाची बॅटरी दुपारपर्यंत टिकत नव्हती. कुणाचा कीबोर्ड अडकत होता. एकाला फोटोंची जागा बदललेली आवडली नव्हती, एकीला नवे रंग फार आवडले होते, तिनं पाच तारे दिले होते. आपल्यासारखं कुणी भेटतं का ते तो शोधत होता. "तुमीबी लिव्हा आबा. लोकांनी लिव्हलं की ते दुरुस्त करत्यात." त्यानं पान उघडून दिलं. आपला अनुभव कसा होता, असं वर लिहिलेलं होतं आणि खाली पाच रिकामे तारे. मी बराच वेळ त्या ताऱ्यांकडे बघत बसलो. काय लिहिणार? की माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली आणि परवा पुन्हा वारली? की पहिल्या वेळी निदान तिला उचलायला माणसं आली होती? मी पान मिटलं. नवनाथनं ते बघितलं आणि तो उठून गॅलरीत गेला.

लोक म्हणतील, बायकोचा आवाज दुसरीकडे कुठे नाही का? आहे. नवनाथच्या लग्नाच्या व्हिडिओत ती विहिणीला पुन्हा पुन्हा वाढा म्हणतेय. फोनवर भावाला पाठवलेले चार निरोप आहेत, त्यात तांदळाची चौकशी आहे. ते सुप्रियानं मला लावून दाखवले. मी ऐकले आणि खूण केली, बंद कर. तो तिचा आवाज होता, तिचं बोलणं होतं, त्यात माझं काय होतं? गेलं ते निराळं. त्यात बोलणं माझं आणि आवाज तिचा. मला तहान लागायची आणि ती ओरडायची. मी रागवायचो आणि ती लोकांना लांब करायची. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचं ऐकलं असं फारसं कधी झालं नाही, आणि शेवटी एकाच तोंडानं बोलायला लागलो होतो. माणूस मेल्यावर त्याच्याशी बोलतात, तसं मी तिच्याशी कधी बोललो नाही. गरज पडली नाही. ती माझ्यातून बोलतच होती. म्हणून ती गेल्याचं दुःख मला जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालंच नव्हतं, असं आता वाटतं. ते सगळं तसंच थांबलेलं होतं आणि दसऱ्याच्या सकाळी एकदम अंगावर आलं.

गंमत अशी, की नव्या तक्त्यात काहीही लिहा, ती परकी बाई वाचते. आधी दुर्गानं भरलेली तीच तीच वाक्यं होती, त्यांच्या पलीकडे मला जग नव्हतं. आता अख्खी मराठी भाषा माझ्यापुढे पडली होती. घरात एकटा असताना मी तिला नाना गोष्टी म्हणायला लावल्या. आमच्या गावाचं नाव. माझं नाव. मग ती शिवी लिहिली, दुर्गानं न भरलेली. बाईनं ती पुढच्या चोवीस तासांचा हवामान अंदाज सांगावा तशी सांगितली. मला हसू आलं, आणि हसताना गळ्यातून वारा निघून रुमाल उडाला. मग वाटलं, आता मला सगळं बोलता येतंय आणि बोलावंसं काहीच वाटत नाही. मी टॅबचा आवाज पूर्ण बंद केला. पाणी हवं असलं की उठून घेऊ लागलो, भाजी आणायला सुप्रिया जाऊ लागली. नवनाथ माझ्यासमोर बसायचं टाळत होता. डबा घेऊन जायचा, डबा तसाच परत यायचा. सुप्रिया एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, ते स्वतःला खाऊन टाकतील हो. त्यांना काहीतरी म्हणा ना." काय म्हणू आणि कशानं म्हणू? त्याच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून मी दोनदा उठलो, आणि दोन्ही वेळा तो हेल्मेट उचलून बाहेर पडला.

गुरुवारी त्याची सुट्टी असते. त्या गुरुवारी तो टॅब घेऊन पिंपरीत एका दुकानात गेला. दुकानदार त्याच्या ओळखीचा, रोहिदास म्हणून, जुन्या टॅबांतून हरवलेले फोटो काढून देण्यात हुशार. दुपार उलटल्यावर नवनाथ परत आला. बूट न काढताच माझ्यासमोर खाली बसला, लहानपणी मार्क कमी पडले की बसायचा तसा.

"न्हाई निघत, आबा," तो म्हणाला. "रोहिदासनं लई बघितलं. जुनं पुसून त्याच जागी नवं बसलंय म्हनं. मी हात लावला नसता तर ऱ्हायलं असतं. एवढी वर्षं मशीनं उघडतोय मी, आधी पार्ट काढून बाजूला ठिवायचा, मग उघडायचं, एवढंबी मला... आईला मीच..."

आतून सुप्रिया आली. हात पुसत म्हणाली, "मामा, नव्यातसुद्धा भरता येतं की. मी भरून देते." ती बसली, तिनं टॅब तोंडाशी धरला. "पाणी हवंय," ती म्हणाली, बालवाडीतल्या पोरांना शिकवताना म्हणते तसं, नीट, गोड. लावून बघितलं. म्हाताऱ्यानं सुनेच्या आवाजात पाणी मागायचं, तेही तिच्याकडेच! तिलाच ते कसंसं झालं. मी मान हलवली. भाजी लागेल म्हणून ती उठून आत गेली.

नवनाथनं डोळे बाहीला पुसले. "मी भरू?" त्यानं विचारलं. मी काही म्हणायच्या आत त्यानं घसा खाकरला आणि बटण दाबून म्हणाला, "येतंय का ऐकू? एक, दोन." मग ते लावलं. समोर बसलेल्या नवनाथचा आवाज मी रोज ऐकतो, तो त्याचाच वाटतो, त्याच्या तोंडाकडे बघून ऐकतो ना. टॅबमधून, तोंडाशिवाय, तो माझा होता. घशाच्या खालून येणारा, थोडा दबका, शब्दाच्या शेवटी जरा टेकणारा. माझा तरुणपणचा, मशीनवर उभं राहून मागच्या माणसाला हाक मारायचो तो आवाज. माझा आवाज कसा होता हे मी विसरून गेलो होतो, आणि विसरलो होतो हेही मला माहीत नव्हतं. नवनाथला काही कळलं नव्हतं. तो टॅब गुडघ्यावर ठेवून विचारत होता, "सांगा आबा, पयलं काय भरू? पानी? च्या?"

मी टॅब घेतला. लिहीन ते त्या परक्या बाईनं वाचू नये म्हणून आवाज बंद केला. फर्स्ट शिफ्ट सुटली की मी सायकल खाली लावायचो आणि जिना चढता चढता, अजून दार दिसायच्या आधी, दोन शब्द वर टाकायचो, म्हणजे आत चहाचं आधण चढावं. सगळ्या नोकरीभर. घर बदललं, जिने बदलले, सायकलची लूना झाली, ते दोन शब्द तेच. आतून लगेच यायचं, "आलात व्हय?" ऑपरेशन झालं तेव्हा शिफ्ट करून घरी येणं उरलंच नव्हतं, म्हणून ते भरायचं दुर्गालाही सुचलं नाही, आणि तिच्या आवाजात ते बोलायचं तरी कुणाला? मी ते लिहिलं आणि टॅब नवनाथपुढे धरला. त्यानं वाचलं. माझ्याकडे बघितलं. पहिल्या वेळी त्याचा आवाज फाटला, ते त्यानं पुसलं. मग उठून उभा राहिला, जिन्याकडे तोंड केलं, आणि जसं म्हणायला हवं तसं म्हणाला.

"आलो गं."

मी टॅब हातात घेतला, आवाज चालू केला आणि बटण दाबलं. माझा आवाज खोलीतून निघून स्वयंपाकघरात गेला. तिथं सुप्रियाचा हात थांबला, तिनं उत्तर दिलं नाही, ते तिचं नव्हतंच. नवनाथ दाराला धरून उभा होता. दमून आलेला माणूस उत्तरासाठी जेवढा थांबतो तेवढा मी थांबलो. मग दुर्गाला ऐकू गेलं नसेल म्हणून आवाज वाढवला आणि पुन्हा दाबलं.